डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठी: झाडे आणि वन्यजीव ओळखू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मध्य न्यू जर्सीत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना डेलावेअर अँड रॅरिटन कॅनाल स्टेट पार्क हे नाव रस्त्यावरच्या पाट्यांमुळे ठाऊक असते, आणि बहुतेकांचा त्याच्याशी संबंध रविवारी सायकल फिरवण्यापुरता किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना सपाट वाटेवर चालायला नेण्यापुरता राहतो. काठावरचे झाड कोणते, ओंडक्यावर ऊन खात बसलेला प्राणी कोणता, पानाआडून ओरडणारा पक्षी कोणता हे जाणून घ्यावेसे वाटते पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. परक्या देशातला निसर्ग परका वाटतो तो मुख्यतः नावांमुळे. प्रत्यक्षात या काठावरच्या कितीतरी वनस्पती आपल्या ओळखीच्या झाडाझुडपांच्या सख्ख्या-चुलत नात्यातल्या आहेत, आणि ते नाते धरून चालले तर ओळख फार लवकर होते, असा माझा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव आहे. पुढची सगळी मांडणी त्याच पायावर केली आहे.

आधी जागा थोडी समजून घ्यावी. पेनसिल्व्हेनियातला कोळसा न्यूयॉर्ककडे नेण्यासाठी 1830 ते 1834 या काळात हा कालवा खणला गेला आणि ते काम प्रामुख्याने आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी कुदळ-फावड्यांनी केले. 1832 च्या पटकीच्या साथीत त्यांपैकी अनेकजण मेले. मुख्य कालवा बोर्डनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत 44 मैलांचा आहे, आणि त्याला पाणी पुरवणारा 22 मैलांचा फाटा डेलावेअर नदीतल्या बुल्स आयलंडपाशी सुरू होऊन ट्रेंटनला येतो. होड्या ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत ती काठावरची वाट, म्हणजे टोपाथ, हीच आजची फिरण्याची वाट आहे. 1932 साली होड्यांची वाहतूक बंद झाली, 1974 साली कालव्याला राज्य उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि आता जवळजवळ 70 मैलांची ही चिंचोळी हिरवी पट्टी एका बाजूला डेलावेअर, मध्ये मिलस्टोन आणि शेवटी रॅरिटन अशा तीन नद्यांच्या सोबतीने जाते. उद्यानात केलेल्या पक्षी-पाहणीत 160 जातींची नोंद झाली आणि त्यांतल्या जवळपास 90 जाती इथेच घरटी करतात असे आढळले. शहरांच्या इतक्या जवळच्या, काही ठिकाणी दगड फेकावा इतक्या रुंदीच्या पट्टीसाठी हा आकडा मला आजही थोर वाटतो.

पहिले काम: एक मैल निवडणे

नवखा माणूस हमखास एक चूक करतो. तो दर आठवड्याला नव्या ठिकाणी जातो, आणि वर्षाअखेर त्याच्याजवळ पुष्कळ छायाचित्रे असतात पण एकाही झाडाची खरी ओळख नसते. त्याऐवजी घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरचा एकच मैल निवडावा आणि वर्षभर, शक्य तर दर पंधरवड्याला, तिथेच जावे. तेच झाड निष्पर्ण, फुललेले, फळलेले आणि पुन्हा निष्पर्ण असे पाहिले म्हणजे ते कायमचे ओळखीचे होते.

प्लेन्सबरो, प्रिन्स्टन किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये राहणाऱ्यांना किंग्स्टन सोयीचे आहे. तिथे जुना जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या वरखाली करण्याचा दारांचा हौद (लॉक), अजून उभा आहे. शेजारी मिलस्टोन नदी अडवून 1906 साली केलेले कार्नेगी सरोवर आहे. आणि उत्तरेकडे रॉकी हिलपर्यंतची वाट नदी आणि कालवा यांच्या मधून जाते, त्यामुळे वाहते पाणी, संथ पाणी आणि पूरमैदानातले जंगल ही तिन्ही अधिवासस्थाने एकाच फेरीत सापडतात. फ्रँकलिन किंवा हिल्सबरोच्या रहिवाशांनी ग्रिग्सटाउन वा ब्लॅकवेल्स मिल्स निवडावे, ट्रेंटनच्या बाजूच्यांनी लँबर्टव्हिल. प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत. मोठ्या पावसानंतर मात्र निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणता भाग बंद आहे ते पाहून घ्यावे, कारण मिलस्टोनला पूर आला की ही वाट वाहून जाते. सप्टेंबर 2021 मधल्या आयडा वादळाच्या पुराने ते या भागाला चांगलेच दाखवून दिले.

दुसरे काम: गोचीड आणि तीन पानांची वेल

दुर्बीण घेण्याच्या आधी या दोन गोष्टी शिकून घ्याव्यात, आणि लहान मुले बरोबर असतील तर त्यांनाही शिकवाव्यात.

आपल्याकडे गोचीड म्हटले की गुरे आणि कुत्री आठवतात. इथे ती माणसाची चिंता आहे, कारण हरणांवर आढळणारी काळ्या पायांची गोचीड लाइम नावाचा आजार पसरवते. तिची पूर्ण वाढ झालेली मादी तिळाएवढी असते, पण अधिक धोक्याची असते ती अर्धवट वाढीची, मे ते जुलै या काळात फिरणारी पिल्ले, जी खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने अंगावर चढलेली कळतसुद्धा नाहीत. गोचीड उडत नाही आणि झाडावरून पडत नाही. गवताच्या टोकावर पाय पसरून वाट पाहत बसते आणि घासून जाणाऱ्या अंगाला चिकटते. म्हणून फिकट रंगाची पूर्ण लांबीची विजार घालावी, तिची टोके मोज्यांत खोचावीत, डीट किंवा पिकॅरिडिन असलेले, किडे दूर ठेवणारे औषध उघड्या अंगावर आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांवर वापरावे, आणि वाटेच्या मधोमध चालावे. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत, अंघोळ करावी, आणि गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे व केसांत नीट पाहावे. गोचीड चिकटलेली आढळली तर अणकुचीदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. त्यानंतर 3 ते 30 दिवसांत त्या जागी पसरत जाणारा तांबूस चट्टा उठला किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जाऊन गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. चट्टा खाजत नाही म्हणून अनेकजण दुर्लक्ष करतात, ते करू नये.

दुसरी गोष्ट पॉयझन आयव्ही. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तोंडपाठ असलेल्या आपल्या मंडळींना ही वेल ओळखणे अवघड जाऊ नये, कारण तिचीही पाने तीन-तीनच्या गटात असतात. मधल्या पानाचा देठ लांब असतो आणि बाजूची दोन पाने देठाला जवळजवळ चिकटलेली, एका अंगाला जास्त फुगीर. वसंतात पाने तांबूस आणि चकचकीत, उन्हाळ्यात हिरवी, ऑक्टोबरमध्ये लालभडक. मोठ्या झाडावर चढलेली वेल असेल तर तिच्या खोडाला केसाळ मुळे फुटून ती जाड काथ्याच्या दोरासारखी दिसते. हिवाळ्यात पाने नसतानाही तिला हात लावू नये, कारण तिचे तेल तेव्हाही त्रास देते. काठावर बॉक्स एल्डर नावाच्या मेपलची रोपेही पुष्कळ असतात आणि त्यांची पानेही तीन-तीनच; फरक इतकाच की बॉक्स एल्डरचे देठ फांदीवर समोरासमोर फुटतात, पॉयझन आयव्हीचे एकाआड एक. पाच पानांची वेल दिसली तर ती व्हर्जिनिया क्रीपर, ती वेगळी.

नात्याचा पहिला उपयोग इथेच होतो. पॉयझन आयव्ही ही आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली आहे. बिबा उतल्यावर अंगावर कसे फोड येतात हे ज्यांनी घरात पाहिले आहे, किंवा कच्च्या काजूच्या टरफलातल्या तेलाने हात कसे भाजतात हे ज्या कोकणवासीयांना ठाऊक आहे, त्यांना या वेलीचा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकदा तिचा जोरदार त्रास झालेल्या माणसाला पुढे आंब्याच्या सालीनेही ओठांभोवती पुरळ येऊ शकते. स्पर्श झाल्याची शंका आली तर शक्य तितक्या लवकर साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे; बूट, सायकलची मूठ आणि कुत्र्याच्या अंगावरचे केसही धुवावेत, कारण तेल तिथे टिकून राहते.

तिसरे काम: झाडे नात्याने ओळखणे

पक्षी उडून जातो, झाड जागेवर असते. म्हणून सुरुवात झाडांपासून करावी. सर्वांत सोपे झाड सिकामोर. पाण्याकाठी उभे, प्रचंड घेराचे, आणि बुंध्यावरची तपकिरी साल तुकड्यातुकड्यांनी गळून आत पांढरी फटक साल उघडी पडलेली. हिवाळ्यात दुरून पाहिले तरी नदी कुठून जाते हे या पांढऱ्या फांद्यांच्या ओळीवरून सांगता येते. त्याच्या जोडीला रुपेरी मेपल असतो, ज्याची पाने वाऱ्यावर उलटली की खालची चंदेरी बाजू झळकते. काळ्या अक्रोडाची हिरवी फळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटेवर पडतात आणि सोलणाऱ्याचे हात अनेक दिवस काळे ठेवतात. तुती तर जूनमध्ये आपली आपणच ओळखू येते.

खरी गंमत झुडपांत आणि रोपांत आहे, आणि ती ऋतूप्रमाणे घ्यावी.

फेब्रुवारीअखेर, जमिनीवर अजून बर्फ असताना, ओलसर खोलगट जागी जांभळट-तपकिरी, शंखासारखे वळलेले कोंब दिसतात. ही स्कंक कॅबेज. ती अळू आणि सुरणाच्या कुळातली आहे, आणि एप्रिलमध्ये तिची रुंद पाने उलगडली की अळूचे वाफे लावल्यासारखे वाटते. तिचे फूल स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करते आणि भोवतालचा बर्फ वितळवून वर येते. कोंबाभोवती बर्फात पडलेले गोल भोक हाच त्याचा पुरावा, आणि तो पाहण्यासाठी चिखलात बूट घालण्याची तयारी ठेवावी. पान चुरगळले तर उग्र दुर्गंधी येते. अळूचे नाते असले तरी ही पाने खाण्याची नाहीत. घशाला खवखवणारे स्फटिक यांतही असतात आणि आपल्या स्वयंपाकातला कोणताही उपाय त्यावर आजमावू नये.

एप्रिलच्या मध्यात पूरमैदानात व्हर्जिनिया ब्लूबेल्स फुलतात, विशेषतः डेलावेअरच्या बाजूला. कळी गुलाबी आणि उमललेले फूल निळे असल्याने एकाच घोसात दोन्ही रंग दिसतात. ही आणि तिच्यासोबतची स्प्रिंग ब्यूटी, ट्राउट लिली ही छोटी फुले झाडांना पाने फुटायच्या आत आपले सारे वर्ष उरकून घेतात. वरची सावली दाट झाली की तीही जमिनीत दिसेनाशी होतात. ही मुदत दोन-तीन आठवड्यांचीच असते. ती चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

त्याच सुमारास जंगलाच्या खालच्या थरात पिवळ्या बारीक फुलांचा धूर पसरल्यासारखा दिसतो तो स्पाइसबुशचा. हे झुडूप दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातले. खाली गळलेले एखादे पान चुरडून वास घेतला की मसाल्याच्या डब्याची आठवण व्हावी. त्याच्या पानांवर स्पाइसबुश स्वॅलोटेल या काळ्या-निळ्या फुलपाखराची अळी वाढते, पान दुमडून आत लपते, आणि तिच्या अंगावर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात.

जून-जुलैत उघड्या, उन्हाच्या कडांना मिल्कवीड फुलते. देठ मोडला की पांढरा चीक येतो, पाने जाड, आणि फळ पिकून उकलले की रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात. हे सारे वर्णन आपल्या रुईचे आहे, आणि ते योगायोगाने नव्हे: मिल्कवीड आणि रुई एकाच कुळातल्या. हनुमानाला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला या रोपाशी लगेच ओळख वाटते. नाते इथेच थांबत नाही. आपल्याकडे रुईवर ज्या पट्टेरी अळीचे पुढे केशरी फुलपाखरू होते ते प्लेन टायगर, आणि इथे मिल्कवीडवर तशीच पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी वाढते ती मोनार्कची. दोन्ही फुलपाखरे एकाच प्रजातीसमूहातली, दोघीही चिकातले विष अंगात साठवून पक्ष्यांपासून स्वतःला वाचवतात. सप्टेंबरमध्ये या काठावरून दक्षिणेकडे जाणारी मोनार्क मेक्सिकोतल्या डोंगरांवरच्या फर वृक्षांत हिवाळा काढतात. अळी शोधायची तर पानाची खालची बाजू हलकेच वर करून पाहावी. पान तोडू नये, अळी घरी आणू नये.

आणि मग तेरडा. एका ऑगस्टमध्ये, गौरी-गणपतीच्या दिवसांत, माझी आई माझ्याकडे आली होती. गुडघे दुखत असल्याने ती हळू चालायची, आणि त्यामुळेच तिला माझ्यापेक्षा जास्त दिसायचे. ग्रिग्सटाउनजवळ कालव्याच्या ओल्या कडेला केशरी, लाल ठिपक्यांच्या फुलांची दाट झुडपे होती. ती वाकली, फुलामागची वळलेली शेपटी पाहिली, एक फुगलेली शेंग नुसती बोटाने टेकली, आणि शेंग फट्कन फुटून पाकळ्यांसारखी गुंडाळली, बिया तिच्या मनगटावर उडाल्या. ‘अगं, हा तर तेरडा!’ ती म्हणाली. मी दहा वर्षे त्या झुडपाजवळून सायकल मारत होते. तिचे म्हणणे शास्त्राप्रमाणेही बरोबर होते: ज्वेलवीड आणि आपला तेरडा एकाच जातकुळीतले, दोघांच्या शेंगा तशाच फुटतात. ज्वेलवीडचे पान पाण्यात बुडवून तिरके धरले तर ते चांदीचा वर्ख लावल्यासारखे चमकते, तोही प्रयोग पान झाडावरच ठेवून काठाशी करता येतो. त्या फुलांपाशी पाच मिनिटे स्वस्थ उभे राहिले तर रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड येण्याची चांगली शक्यता असते. तेरड्याच्या गौरी बसवण्याची घरची रीत असली तरी इथली रोपे उपटू नयेत. उद्यानातली कोणतीही वनस्पती तोडणे नियमाविरुद्ध आहे.

चौथे काम: पाण्याकडे पाहणे

निरभ्र दिवशी, एप्रिलपासून पुढे, पाण्यात पडलेल्या ओंडक्यांकडे पाहावे. एकामागे एक बसलेली, मानेवर पिवळ्या-लाल रेघा असलेली छोटी कासवे पेंटेड टर्टल असतात. त्यांच्याहून मोठी, गडद पाठीची कासवे रेड-बेलीड कूटर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव दिसले तर ते रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे कोणाच्या तरी घरच्या टाकीतून इथे आणून सोडलेल्यांचे वंशज. ही कासवे स्थानिक कासवांच्या जागा आणि अन्न बळकावतात. घरातले मासे, कासव किंवा टाकीतली शेवाळी कालव्यात सोडणे ही दया नव्हे. त्याने मोठे नुकसान होते.

जूनमध्ये वाटेच्या कडेला मातीत अर्धे रुतलेले, ताटाएवढे, शेवाळलेल्या पाठीचे कासव दिसले तर थबकावे आणि दूर उभे राहावे. ही स्नॅपिंग टर्टलची मादी अंडी घालत असते. तिची शेपटी मगरीसारखी दातेरी, मान अनपेक्षित लांब, आणि तिला स्वतःला कवचात पूर्ण ओढून घेता येत नाही, म्हणूनच ती चावते. मागच्या पायांनी ती आळीपाळीने माती उकरते. एक पाय खाली जातो, मूठभर माती घेऊन वर येतो, मग दुसरा, आणि त्या खड्ड्यात पिंगपाँगच्या चेंडूसारखी वीस ते चाळीस अंडी पडतात. मातीच्या उष्णतेवर पिल्ले नर होणार की मादी हे ठरते. दुसऱ्या दिवशी तिथेच खड्डा उकरलेला आणि सुरकुतलेली पांढरी टरफले विखुरलेली दिसली, तर रात्री रकून किंवा कोल्हा येऊन गेला असे समजावे. मादी रस्ता ओलांडत असेल आणि मदत करायचीच असेल तर ती ज्या दिशेने निघाली आहे त्याच दिशेला तिला मागून ढकलत न्यावे. शेपटीला धरून उचलल्यास तिच्या मणक्याला इजा होते.

पाण्याकाठी तपकिरी पट्ट्यांचा जाड साप पाहून लोक तो विषारी कॉपरहेड असल्याचे धरून चालतात. तो बहुतेक वेळा नॉर्दर्न वॉटर स्नेक असतो, आपल्या विरोळ्यासारखा बिनविषारी आणि धरला तर कडाडून चावणारा. कॉपरहेडच्या अंगावरचे पट्टे पाठीवर अरुंद आणि कुशीला रुंद असतात, पाणसापाचे नेमके उलट. न्यू जर्सीत कॉपरहेड आणि टिंबर रॅटलस्नेक हे दोनच विषारी साप आहेत. कोणताही साप मारणे इथे बेकायदा आहे. दोन पावले मागे सरकले की पुरते.

मार्चच्या संध्याकाळी पाणथळीतून हजारो घुंगरांसारखा जो आवाज येतो तो स्प्रिंग पीपर या अंगठ्याच्या पेराएवढ्या बेडकाचा. शोधायला गेले की सगळे गप्प होतात. पाच मिनिटे न हलता उभे राहावे, मग एकेक पुन्हा सुरू करतो.

पाचवे काम: पक्षी

आठ पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण नवख्याला पुरेशी असते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवते. ते वापरावे, पण नाव आल्यावर पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करू नये. अ‍ॅपही चुकते, आणि मुख्य म्हणजे कानांना सवय लागत नाही.

वनस्पतींत नाते हात देते, पक्ष्यांत मात्र रूप फसवते. इथला बाल्टिमोर ओरिओल पाहून हळद्या म्हणावेसे वाटते, पण त्यांचा काही संबंध नाही; याचे घरटे तर सुगरणीसारखे लोंबते आणि ते बऱ्याचदा पाण्यावर झुकलेल्या सिकामोरच्या फांदीला असते. रॉबिन हा दयाळ नव्हे, तो कस्तुराचा भाऊबंद. खरे नाते शोधायचे तर ग्रेट ब्लू हेरॉन घ्यावा, जो आपल्या राखी बगळ्याचा थोरला भाऊ शोभतो, किंवा बेल्टेड किंगफिशर, जो खडखड असा आवाज करत कालव्यावरून सरळ रेषेत उडतो. या खंड्यात मादी नरापेक्षा रंगीत असते: तिच्या पोटावर विटकरी रंगाचा जादा पट्टा असतो.

हिवाळ्यात कार्नेगी सरोवराच्या काठी पांढऱ्या डोक्याचा बॉल्ड ईगल शोधावा. डीडीटीमुळे अंड्यांची टरफले इतकी पातळ झाली होती की एके काळी संपूर्ण न्यू जर्सीत या गरुडाचे एकच घरटे उरले होते. 1972 साली ते कीटकनाशक बंद झाले, माणसांनी अंडी आणि पिल्ले जपली, आणि आता राज्यात दोनशेहून अधिक जोड्या आहेत. त्या एका घरट्याची गोष्ट मुलांना गरुड दिसत असताना सांगावी.

मे महिन्याचे पहिले दोन आठवडे रजा राखून ठेवण्याच्या योग्यतेचे असतात. दक्षिणेकडून येणारे वॉर्बलर, म्हणजे छोटे गाणारे पक्षी, रात्रभर उडून पहाटे काठावरच्या झाडांत उतरतात, आणि पाने अजून कोवळी असल्याने दिसतातही. सूर्योदयापासून नऊपर्यंतचा वेळ उत्तम.

सस्तन प्राण्यांबद्दल थोडक्यात: पांढऱ्या शेपटीचे हरीण, खार, चिपमंक, वुडचक हे दिवसा दिसतात, बीव्हर आणि मस्करॅट यांना संधिप्रकाशात पाहावे. पाण्यात पोहताना दोघे सारखे वाटतात, पण मस्करॅटची बारीक शेपटी मागे नागमोडी हलते आणि बीव्हरची सपाट शेपटी धोका वाटताच पाण्यावर सपकन आपटते. मे-जूनमध्ये गवतात एकटेच पडलेले हरणाचे पाडस अनाथ नसते. आई चरायला गेलेली असते, त्याला हात लावू नये. रकून, कोल्हा किंवा वटवाघूळ दिवसा विचित्र वागताना दिसल्यास रेबीजच्या शक्यतेमुळे दूर राहावे.

आगंतुक वनस्पती आणि काही नियम

नात्याची दुसरीही बाजू आहे. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवली जाणारी हायड्रिला याच कालव्यात शिरली आहे, आणि तिचे जाळे वाढून पाणी तुंबू नये म्हणून त्यावर औषधोपचार करावे लागतात. आपल्या महारुखाचा चिनी भाऊ, ट्री ऑफ हेवन, कडाकडांनी माजला आहे, आणि 2014 साली पेनसिल्व्हेनियात प्रथम सापडलेला स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा ठिपकेदार किडा त्याच झाडावर पोसला जातो. जपानी नॉटवीड नदीकाठी दुसरे काही उगवू देत नाही. सायकलीच्या चाकांना, होडीच्या तळाला आणि बुटांना चिकटलेली माती व पाने निघण्यापूर्वी काढावीत, एवढे आपल्या हाती आहे.

कालव्याचे पाणी दहा लाखांहून अधिक लोकांच्या पिण्यात जाते. म्हणून त्यात पोहणे नाही, आणि निर्माल्य, नारळ किंवा मूर्तीही सोडू नयेत. उद्यानात कचरापेट्या नसतात. आणलेले सगळे परत न्यावे. बदकांना पाव किंवा पोळी घालू नये. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला मासेमारीसाठी परवाना लागतो (राज्यात राहणाऱ्या, सत्तरी गाठलेल्यांना लागत नाही). कुत्रा दोरीवर हवा.

शेवटचे काम: पाण्याच्या उगमाकडे

आपल्या मैलावर एक वर्ष काढल्यावर, पुढच्या मे महिन्यात, एक दिवस काढून बुल्स आयलंडला जावे. स्टॉकटनच्या उत्तरेला, नदी आणि फाट्याच्या मधोमध असलेल्या या बेटाच्या शेजारी डेलावेअरमधला बांध पाणी फाट्याकडे वळवतो. किंग्स्टनला ज्या पाण्यात कासवे पाहिली ते इथूनच निघालेले असते. वाटेत लँबर्टव्हिलला नदीत शॅड मासे चढत असतात, समुद्रातून अंडी घालायला येणारे, बंगाली लोकांच्या हिलशाचे नातलग. डेलावेअरच्या मुख्य पात्रावर एकही मोठे धरण नसल्याने त्यांची वाट मोकळी आहे.

बेटावर उंच सिकामोरांच्या शेंड्यात यलो-थ्रोटेड वॉर्बलर गात असतो; मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते, आणि पाहावे. मग 1947 साली बांधलेल्या, फक्त पायी जाणाऱ्यांच्या झुलत्या पुलावर चढावे. अर्ध्या वाटेवर थांबून दक्षिणेकडे तोंड करावे: उजव्या हाताला पेनसिल्व्हेनियाचा किनारा, खाली नदीचे मुख्य पात्र, आणि डावीकडे झाडांच्या पांढऱ्या खोडांआड आपल्या मैलाकडे निघालेले पाणी.